पाठमोरा पडदा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पत्रलेखिका ४४ वर्षांच्या आहेत. भांडुपच्या वन बीएचके घरात त्या, पाळीची नोकरी करणारे यजमान, नववीत शिकणारा मुलगा आणि सासूबाई असे चौघे राहतात. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी मुलाच्या हाती आलेला फोन नंतर परत घेतला गेलाच नाही. ‘मी व्हॉट्सअ‍ॅप नीट शिकले तोवर तो इन्स्टाग्रामवर गेला होता, आणि इन्स्टाग्राम शिकले तोवर डिस्कॉर्डवर,’ असे त्या लिहितात. डिस्कॉर्ड हे खेळणाऱ्यांच्या गप्पांचे अ‍ॅप; तिथे रात्री तो हेडफोन लावून टोपणनावांच्या मुलांशी बोलत खेळतो. ती मुले कोण, हे त्यांना ठाऊक नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी पालकांसाठीचा एक ऑनलाइन वर्ग केला आणि तिथल्या सूचनेवरून मुलाच्या फोनमध्ये त्याचे संदेश दाखवणारे, लपून राहणारे एक अ‍ॅप टाकले. आठवडाभरात मुलाला ते सापडले. ‘तुला काही कळत नव्हतं तेच बरं होतं,’ एवढेच बोलून त्याने घरातले बोलणे जवळजवळ बंद केले आहे. अ‍ॅप ठेवावे की काढावे, यजमान म्हणतात त्याप्रमाणे दहावी होईपर्यंत फोनच काढून घ्यावा का, वर्गाचा ६,५०० रुपयांचा दुसरा टप्पा करावा का आणि मुळात ‘त्याला गाठायचे कसे’, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘गाठणे’ हे क्रियापद पाच वेळा आले आहे. आपण मुंबईकर ते दिवसातून दोनदा तरी वापरतो, कारण आपल्याला लोकल गाठायची असते. पण मराठीत त्याचा आणखी एक अर्थ आहे: वाटेत एखाद्याला गाठणे, म्हणजे त्याला निसटू न देता अडवणे. तुम्ही पहिल्या अर्थाने अभ्यासाला लागलात आणि ते लपवलेले अ‍ॅप सापडले त्या दिवशी मुलाच्या वाट्याला दुसरा अर्थ आला. तुमचा हेतू वाईट होता असे मला क्षणभरही वाटत नाही; परंतु तुमच्या घरात आज जी शांतता आहे, ती तंत्रज्ञान न कळण्यातून आलेली नसून या गोंधळातून आलेली आहे, असे मला वाटते.

‘मी दोन पावले मागे आहे’ हे तुमचे गृहीतक आधी तपासून पाहू. तुम्ही मुलाच्या आजच्या वयाच्या होतात त्याच सुमारास, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि पहिल्या काही शहरांमध्ये मुंबई होती. पुढे सायबर कॅफे आले, याहू मेसेंजर आला, २००४ मध्ये ऑर्कुट हे समाजमाध्यम आले. माझी स्वतःची गोष्ट सांगायची तर दादरच्या एका सायबर कॅफेत प्लायवूडच्या आडोशामागे बसून मी ज्यांच्याशी गप्पा मारल्या, त्यांतल्या निम्म्यांचे खरे नाव मला कधी कळले नाही, आणि माझ्या आईला तर मी तिथे प्रोजेक्टची माहिती काढायला जाते असेच वाटत होते. ऑर्कुटवरची ‘स्क्रॅप’ म्हणजे काय, हे तुमच्या आईला तरी कुठे ठाऊक होते? ते ऑर्कुट २०१४ मध्ये बंदही पडले. तिने ते जिद्दीने शिकून घेतले असते, तर आज त्या विद्येचा काय उपयोग झाला असता? तुमचा मुलगा आज डिस्कॉर्डवर आहे. तो अकरावीत जाईल तेव्हा आणखी कशावर असेल, हे तोही सांगू शकणार नाही.

मग आधीच्या पिढ्यांचे भागत कसे होते? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि अख्खा मजला तिथे जमे. त्या पेटीतले तंत्र कोणत्याही आईला कळत नव्हते आणि त्यावाचून तिचे अडतही नव्हते, कारण पडद्याचे तोंड घराकडे होते. मूल काय पाहते, कुठे हसते, कशाने दचकते, हे भाजी निवडता निवडता तिला दिसत होते. फोनच्या पडद्याचे तोंड एकाच चेहऱ्याकडे असते आणि घराच्या वाट्याला त्याची पाठ येते. हेडफोनने आवाजही त्याच्या कानातच ठेवला आहे. तुम्ही गमावले आहे ते ज्ञान नव्हे, तुम्ही पडद्याची समोरची बाजू गमावली आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पालकांसाठीचे बहुतेक वर्ग पहिल्या दुखण्याचे औषध विकतात.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या पत्रात जाता जाता आली आहे. चौघांच्या त्या घरात मुलगा हॉलमध्ये झोपतो, अभ्यास स्वयंपाकघरातल्या टेबलावर करतो आणि बेडरूमचे दार सासूबाईंच्या दुखण्यामुळे रात्री उघडेच असते. चौदा वर्षांच्या मुलाला लावून घेता येईल असे एकही दार तुमच्या घरात नाही. यात तुमचा दोष नाही. या शहरातल्या जागांचे भावच तसे आहेत. पण त्यामुळे त्याचा फोन हीच त्याची खोली झाली आहे. तिथे तो मित्रांना काहीबाही बोलतो, फुशारक्या मारतो, कदाचित तुमच्याविषयी कुरकुरतोही. चाळीच्या गच्चीवर आपण हेच करत होतो. त्या खोलीत तुम्ही न ठोठावता गेलात, म्हणून तो चिडला आहे. पण त्याच खोलीला रस्त्याकडे उघडणारी दारेही आहेत आणि त्यांतून कोण आत येऊ शकते हे पाहणे आई म्हणून तुमचे कामच आहे. खोलीची झडती न घेता रस्त्याकडची दारे पाहायची, एवढेच तुम्हाला साधायचे आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देते: ते अ‍ॅप काढा. केवळ मुलाचे मन दुखावले म्हणून नव्हे. अशी अ‍ॅप्स फोनवर येणारे संदेश वाचून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात आणि तिथून ते तुम्हाला दाखवतात. त्या कंपनीचे नाव तरी तुम्हाला आठवते का? तुमच्या मुलाचेच नव्हे, तर त्याच्या वर्गमित्रांचे आणि मैत्रिणींचे संदेशही त्या वाटेने गेले आणि त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारले नव्हते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये आपल्याकडे कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि मुलांची माहिती वापरायची असेल तर कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्याने ज्या माहितीची राखण तुमच्याकडे दिली, ती तुम्हीच एका अनोळखी दुकानात ठेवून आलात. हे कठोर वाटेल, पण जागरूकतेच्या नावाखाली पालकांकडून हे सर्रास करवून घेतले जाते, म्हणून लिहिले.

अ‍ॅप काढताना मुलगा शेजारी असू द्या. किंबहुना त्यालाच काढू द्या. नुसते चिन्ह पुसून भागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, सूचना वाचण्याची परवानगी आणि ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ या ठिकाणी अ‍ॅपला दिलेला अधिकार आधी बंद करावा लागतो. मग त्या कंपनीकडे उघडलेले तुमचे खाते बंद करा आणि मुलाच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याला बदलायला सांगा. नवे पासवर्ड तुम्हाला सांगण्याची अट घालू नका.

यजमानांच्या मताला मात्र मी उडवून लावणार नाही. रात्री एक वाजता पाळी संपवून घरी येणाऱ्या बापाला हॉलमध्ये अंधारात उजळलेला मुलाचा चेहरा दिसत असेल, तर ‘काढूनच घ्या’ असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि झोपेचा प्रश्न खरा आहे. पण दीड वर्ष फोन काढून घेणे तुमच्या घरात निभेल का? शाळेच्या सूचना आणि क्लासच्या नोट्स व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येतात, हे तुम्हीच लिहिले आहे. शिवाय इमारतीत त्याच्या वयाची सहा-सात मुले असतील, तर त्याला उसना फोन मिळायला एक जिना चढणेही पुष्कळ आहे. आणि त्या फोनवर तो काय करतो हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मुलाने पैसे घालवले, त्याला कोणी धमकावले किंवा त्याच्या वागण्यात धास्ती वाटावी असा बदल झाला, तर काही काळ फोन बाजूला ठेवावा लागेल. एरवी रात्रीचा नियम पुरे आहे: साडेदहानंतर घरातले सगळे फोन एका चार्जिंगच्या जागी, यजमानांचाही घरी आल्यावर तिथेच. मुलगा हॉलमध्येच झोपत असल्याने ही जागा त्याच्या उशाशी नको, सासूबाईंच्या कपाटावर हवी. ‘गजरासाठी फोन लागतो’ ही सबब सगळ्याच घरांत ऐकू येते. त्यावर दोन-तीनशे रुपयांचे गजराचे घड्याळ पुरेसे आहे.

आता रस्त्याकडची दारे. तुमच्या मुलाच्या बाबतीत महत्त्वाचे दार डिस्कॉर्डचे आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. २०१५ मध्ये ते मुख्यतः खेळणाऱ्यांसाठी निघाले. त्यात ‘सर्व्हर’ नावाचे अड्डे असतात. काही अड्डे शाळेतल्या आठ मित्रांचे असतात, तर काहींवर हजारो अनोळखी लोक असतात, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आमंत्रणाची लिंक मिळाली की आत जाता येते. आत लिहिण्याच्या खोल्या असतात आणि बोलण्याच्याही. रात्री हेडफोन लावून तो बोलण्याच्या खोलीत असतो. खेळताना समोरच्याला ‘डावीकडून ये’ हे ओरडून सांगावे लागते, म्हणून ही सोय. यात चिंतेची जागा अड्ड्यापेक्षा अड्ड्याच्या आडोशाला आहे: मोठ्या सर्व्हरवर भेटलेली व्यक्ती त्याला खासगी संदेश पाठवू शकते. ही वाट प्रत्येक सर्व्हरसाठी सेटिंगमध्ये बंद करता येते. तेव्हा त्याला ‘तू कोणाशी काय बोलतोस?’ असे विचारू नका. ‘तुझ्या सर्व्हरपैकी कुठल्यांवर तू प्रत्यक्ष ओळखत नाहीस असे लोक आहेत, आणि त्यांना तुला परस्पर संदेश पाठवता येतात का?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला झडतीचा वास आहे. दुसरा प्रश्न जाणकाराचा आहे आणि त्याचे उत्तर द्यायला त्याला आवडेलही.

डिस्कॉर्डमध्ये ‘फॅमिली सेंटर’ नावाची सोय आहे. पालक आणि मूल दोघांनी मान्य केले की मूल कोणत्या सर्व्हरवर आहे, त्याने कोणाला नवे मित्र केले, कोणाशी संदेशांची देवाणघेवाण झाली हे पालकांना दिसते. संदेशांत काय लिहिले आहे ते दिसत नाही. इन्स्टाग्रामवर किशोरांसाठीची खाती आहेत. ती मुळातच खासगी असतात, त्यांच्यावरची बंधने सैल करायला १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांची परवानगी लागते, आणि देखरेख जोडून घेतली तर गेल्या सात दिवसांत मुलाने कोणाला संदेश पाठवले ते दिसते, मजकूर दिसत नाही. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मध्ये कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसते आणि झोपेची वेळ ठरवता येते. या सगळ्या सोयींत दोन गोष्टी समान आहेत: त्या मुलापासून लपलेल्या नसतात आणि त्या खोलीची झडती घेत नाहीत. मात्र एक चोरवाट आहे. खाते उघडताना मुलाने जन्मवर्ष खोटे टाकले असेल, तर यांतले फारसे काही लागू होत नाही, कारण त्या कंपनीच्या लेखी तो २१ वर्षांचा बाप्या असतो. अकराव्या-बाराव्या वर्षी इन्स्टाग्राम उघडलेल्या मुलांनी हे हमखास केलेले असते. शिक्षेची भीती न घालता ते आधी दुरुस्त करून घ्या.

पैशांचे दार त्या मानाने सोपे आहे. खेळांतल्या खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड मागितला जाईल अशी व्यवस्था करा, तुमचे कार्ड त्याच्या फोनवर साठवलेले नाही ना ते पाहा आणि तुमचा यूपीआय पिन ‘पटकन रिचार्ज कर’ म्हणत त्याला सांगत जाऊ नका. तुम्ही तो सांगितलेला आहे, असा माझा अंदाज आहे.

निबंध लिहायला तो चॅटबॉटची मदत घेतो, असेही तुम्ही लिहिले आहे. त्यावर वेगळे लिहावे लागेल. आज एवढेच की निबंधापेक्षा, जे त्याला तुमच्यापाशी विचारावेसे वाटत नाही ते तो चॅटबॉटला विचारतो का, इकडे माझे लक्ष राहील.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांना ऑनलाइन काही वाईट अनुभव आला की ती तो घरी का सांगत नाहीत? समोरच्या माणसाची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती असते ‘बाबा फोन काढून घेतील’ ही. म्हणजे सांगणाऱ्यालाच शिक्षा होते. म्हणून त्याला यजमानांच्या देखत एक शब्द द्या: अडचणीत असताना तू आपणहून येऊन सांगितलेस, तर त्यासाठी फोन जाणार नाही. आणि हा शब्द पाळावा लागेल, त्याने सांगितलेले ऐकून पायाखालची जमीन सरकली तरीही. कोणी फोटो मागितला, फोटोवरून धमकावले किंवा पैसे मागितले, तर पैसे द्यायचे नाहीत, संभाषण पुसायचे नाही, स्क्रीनशॉट काढायचे आणि मगच त्या व्यक्तीला ब्लॉक करायचे. पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा, कारण तिथे वेळेला महत्त्व असते. मुलांशी संबंधित गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वेगळा विभाग आहे आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी मूल स्वतःही वापरू शकते. लैंगिक स्वरूपाचे काही असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही तितकेच संरक्षण देतो. आपल्याकडे अनेक घरांत ही काळजी केवळ मुलींपुरती केली जाते. १८ वर्षांखालच्या मुलांचे नग्न फोटो इंटरनेटवर पसरू नयेत यासाठी ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवाही आहे. तिच्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. हे सगळे त्याला आज, काहीही झालेले नसताना माहीत असायला हवे.

आणि हे सांगायचे कसे, जर तो बोलतच नसेल? तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गावच्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉल कसा करायचा, हे सासूबाईंना त्यानेच शिकवले, ‘आठवडाभर रोज, न कंटाळता’. म्हणजे समोरच्याला काही येत नाही याचा त्याला मुळीच राग नाही. आजीच्या अज्ञानावर न चिडणारा मुलगा तुमच्या अज्ञानावर चिडेल असे का मानावे? ‘तुला काही कळत नव्हतं तेच बरं होतं’ हे वाक्य मी तरी असे वाचते: कळत नव्हते तेव्हा तू मला विचारत होतीस.

तेव्हा आधी माफी मागा, पण छोटी. ‘काळजीपोटी केले’ हे पुढचे शेपूट तिला लावू नका. ते त्याला माहीत आहे. त्यानंतर दोन-चार दिवस काहीच करू नका. मग एखाद्या रविवारी, जेवणानंतर सासूबाई आडव्या झाल्या की, त्याला त्याचा खेळ हॉलमधल्या टीव्हीवर लावून दाखवायला सांगा. बहुतेक नव्या टीव्हींवर फोनचा पडदा दाखवता येतो, आणि तो कसा जोडायचा हेही त्यालाच ठाऊक असेल. त्या दिवशी पडद्याचे तोंड पुन्हा घराकडे होईल. वीस मिनिटे पाहा. कोण जिंकते, कोणाला काय टोपणनाव आहे, हा मघापासून ओरडणारा कुठला, मुलुंडचा की मणिपूरचा, असे विचारा. तुम्हाला हातात घेऊन खेळायला लावले तर खेळा आणि हरा. त्या वीस मिनिटांत अभ्यासाचे, मार्कांचे किंवा डोळ्यांच्या नंबराचे नाव काढू नका. ‘एवढा वेळ गणितात घातला असतास तर’ हे वाक्य ओठांवर येईलच. तेव्हा उठून चहा टाकायला जा. पहिल्या रविवारी तो नाही म्हणण्याचीही शक्यता आहे. नाही म्हणाला तर दुसऱ्या रविवारी विचारा, पण त्याच्या मित्रांसमोर विचारू नका.

वर्गाच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे मात्र भरू नका. त्याच वर्गाने तुम्हाला ते अ‍ॅप सुचवले होते. आणि घरचा टीव्ही जुना असून फोनशी जोडला जात नसेल, तर त्या ६,५०० रुपयांतला थोडासा हिस्सा टीव्हीला जोडायच्या उपकरणासाठी लागेल. ते घ्यायला त्याला बरोबर न्या आणि कोणते घ्यायचे हे त्यालाच ठरवू द्या.